तीन मामांचं तारण

उमेळ्याच्या त्या तीन भावांचं प्रकरण माझ्या मनातून अजून उतरलेलं नाही. तेहतीस वर्षं खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीत फुगून वर आलेली प्रेतं बाहेर काढली. त्यातलं बरंचसं विसरलो. हे मात्र विसरता येत नाही, कारण या गुन्ह्यात चोर नव्हता आणि तरीही मी एकाला चोर म्हणून आत टाकलं होतं. नाव कोणाचंच घेणार नाही. माणसं अजून इथंच राहतात.

मी तेव्हा वसईतल्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सकाळची हजेरी आटोपली होती, ठाणे अंमलदार डायरी ओढून बसला होता, तेवढ्यात तिघं भाऊ आले. थोरला साठीच्या पुढचा, मधला पंचावन्नचा, धाकटा पन्नाशीला टेकलेला. समोरच्या लांब बाकावर बसले, पण थोरला एका टोकाला आणि धाकटा दुसऱ्या टोकाला. मधला मधोमध. दोघांतलं बोलणं त्याच्यामार्फत चाललं होतं. बाकावर माणसं कशी बसतात हे पोलिसाने आधी पाहावं आणि मग तक्रार ऐकावी, असं मी नव्या पोरांना शिकवत असे. त्या दिवशी मी स्वतः पाहिलं आणि सोडून दिलं.

तक्रार अशी होती. उमेळ्याला त्यांची केळी आणि सोनचाफ्याची वाडी होती. ती बिल्डरला विकली. गावठाणातलं जुनं घर पाडून तिघांसाठी तीन मजल्यांचं एक घर बांधायचं ठरलं आणि तोवर तिघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले, थोरला चंदनसारला, बाकीचे दोघे वसईत. घरासाठीची रक्कम सामाईक होती. ती त्यांच्या बहिणीच्या मुलाने, म्हणजे भाच्याने, क्रिप्टोच्या नाण्यांत गुंतवून दिली होती. आणि आता ती जवळजवळ सगळी नाहीशी झाली होती. घराचा चौथरा तेवढा उभा होता, त्यावर गज गंजत होते. थोरल्याने हात जोडले आणि म्हणाला, “भाच्यानंच केलं सायेब. दुसऱ्या कोनाला त्यातलं कायपन कलत नाय.”

गुन्हा नोंदवला. विश्वासघात, फसवणूक आणि आयटी कायदा. भाचा तिशीतला, वालीवच्या एका मोल्डिंग कारखान्यात मशीन दुरुस्तीला. राहायचा विरारला, विधवा आईबरोबर.

या कामातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच कबूल करतो. जबाब घेताना जे समजलं ते इतकंच. त्या नाण्यांची तिजोरी चोवीस शब्दांनी उघडते. ज्याच्याकडे ते शब्द, तो मालक. बँक नाही, मॅनेजर नाही, सही नाही. हे ऐकल्यावर थोरल्याने आपल्या गावची रीत लावली होती. त्यांच्या गावकीच्या पेटीला तीन कुलपं असतात आणि किल्ल्या तीन घरांत. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडत नाही, म्हणून पैशावरून गावात कधी तंटा झाला नाही. तसंच इथंही केलं. चोवीस शब्दांच्या तीन चिठ्ठ्या, प्रत्येकी आठ शब्द, प्रत्येक भावाने आपली चिठ्ठी पाकिटात बंद करून घरच्या देव्हाऱ्याखाली ठेवलेली. व्यवहार करायचा तर तिघांनी एकत्र बसायचं, ज्याने त्याने आपले आठ शब्द स्वतः फोनवर टाकायचे, बाकीच्यांनी खिडकीकडे तोंड करायचं. काम झालं की ती तिजोरी फोनवरून पुसून टाकायची. ऐकताना मला हे फार शहाणपणाचं वाटलं. तीन भावांपैकी एकाला एकट्याने चोरी करता येणार नव्हती. उरला शिकवणारा भाचा. माझं गणित तिथंच सुटलं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. चंदनसारला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा एक जुना खबरी होता. त्याने सांगितलं की पैसे गेले त्याच्या चार दिवस आधी या भाच्याने आपली मोटरसायकल घाईघाईत पडेल त्या भावाला विकली, दोघांकडे उसने मागितले आणि त्या पैशातून डॉलरच्या भावाला बांधलेली नाणी विकत घेतली. घाईत गाडी विकणारा माणूस पळायच्या तयारीत असतो, हा माझा अनुभव. मी त्याला त्याच दिवशी उचलला.

दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. भाचा शांत होता आणि त्या शांतपणाचा मला राग येत होता. तो एकच सांगत राहिला. चोवीस शब्द त्याच्याकडे कधीच नव्हते. तिजोरीत काय आहे ते बाहेरून कोणालाही दिसतं, तसं त्यालाही दिसत होतं, पण हात लावता येत नव्हता. मी मोटरसायकलचं विचारलं. तो म्हणाला, “ते पैसे मी मामांच्या कर्जात भरलेत साहेब. काढले नाहीत, भरलेत. कुठून कुठे गेलेत ते बघा ना एकदा.” भरणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. मी हसलो आणि मग त्याच्या कानशिलात लगावली. ही गोष्ट केस डायरीत नाही. इथं लिहितो आहे, कारण ती घडली.

खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं बोलतो. हा दर वेळी तेच बोलत होता, तर मी म्हटलं, पाठ करून आलाय. माणसाला एकदा चोर ठरवलं की त्याचं खरंही खोट्याच्या खात्यात जमा होतं. मामांनी काय केलं, त्यांना कळवलं होतंस का, असं विचारलं की मात्र तो गप्प व्हायचा. नंतर कळलं, त्याच्या आईने पहिल्याच भेटीत त्याला बजावलं होतं की माझ्या माहेरचं भांडण पोलीस ठाण्यात सांगायचं नाही. ती रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि जिन्याखाली बसायची. हीच बहीण वाडी विकताना हक्कसोड पत्रावर सही करून मोकळी झाली होती. एक पैसा घेतला नव्हता.

कोठडी संपली, तो न्यायालयीन कोठडीत गेला. जामीन व्हायला सोळा दिवस लागले. वालीवच्या मालकाने तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला होता.

याच दरम्यान आमच्या सायबर कक्षातली एक महिला हवालदार कागदांची चळत घेऊन माझ्या टेबलाशी आली. या व्यवहारांची नोंद जगात कोणालाही वाचता येते. नावं नसतात, नुसते लांबलचक पत्ते असतात. मी तिला सांगितलं होतं की भाच्याच्या पत्त्याचा आणि मामांच्या तिजोरीचा संबंध जोडून दे. तिने जोडला होता. मला वाटलं, झालं काम. ती म्हणाली, “सर, संबंध आहे. पण बाण उलटा आहे.”

पैसे भाच्याकडून मामांच्या खात्याकडे गेले होते. चार वेळा, चार दिवसांत, छोट्या छोट्या रकमा. मामांच्या तिजोरीतून भाच्याकडे एक छदामही आला नव्हता. नाणी विकत घेतली त्या कंपनीचं उत्तरही आलं होतं, पॅनकार्डासकट. पैसे भरणारा पत्ता भाच्याचाच होता.

मी तिला खुर्ची दिली आणि म्हटलं, आता मला पहिल्यापासून सांग, मी अडाणी आहे असं समजून. तिने सोन्याच्या कर्जाचं उदाहरण घेतलं. आपण दागिना गहाण ठेवतो, शंभराच्या दागिन्यावर सत्तर-पंचाहत्तर मिळतात. इथं दागिन्याऐवजी नाणी, आणि सावकाराऐवजी इंटरनेटवर चालणारा एक करार. पैसे देणारे जगभरचे अनोळखी लोक, ते व्याजासाठी आपली रक्कम त्या करारात टाकून ठेवतात. करार म्हणजे एक प्रोग्रॅम. त्याला ऑफिस नाही, शिपाई नाही, साहेब नाही. तुमची लायकी तो विचारत नाही, कारण तारण आधीच त्याच्या पोटात असतं.

“मग नाण्याचा भाव पडला तर?” मी विचारलं.

तिथंच सगळी मेख होती. सोन्यावर कर्ज देणारा नोटीस काढतो, मुदत देतो, फोन करतो, मग लिलाव. इथं मुदत नाही. तारणाची किंमत कर्जाच्या फार जवळ आली, म्हणजे शंभराच्या तारणावरचं कर्ज ऐंशीच्या वर चढलं, की जगातला कोणीही तुमचं कर्ज परस्पर फेडू शकतो आणि त्या बदल्यात तुमचं तेवढं तारण, वर बक्षीस म्हणून थोडं जास्तीचं, घेऊन जाऊ शकतो. हे माणसं करत नाहीत. काही लोकांनी त्यासाठी प्रोग्रॅम लावून ठेवलेले असतात, ते दिवसरात्र कोणाचा आकडा घसरतो त्यावर टपून बसतात. कर्ज कोणीही फेडू शकतं, पण तारण हलवायचं, त्यातलं थोडं विकून कर्ज हलकं करायचं, तर मालकाची किल्ली लागते. म्हणजे ते चोवीस शब्द.

मधल्या भावाला पुन्हा बोलावलं. आता तो सगळं बोलला. पहिली दोन वर्षं नाण्यांचा भाव वाढत गेला. बांधकामाला पैसे हवे झाले, तेव्हा भाचा म्हणाला, थोडी नाणी विकू. थोरल्याने साफ नाही म्हटलं. वाडी विकली आणि दोन वर्षांत तिचा भाव दुप्पट झाला, ती जखम त्याच्या मनात होती. यापुढे आपण काही विकायचं नाही, गहाण ठेवायचं, असं त्याचं म्हणणं. जमिनीच्या बाबतीत ते चाललं असतं. भाच्याने गहाणाची वाट दाखवली. मिळालेल्या कर्जातला अर्धा भाग चौथऱ्यात घातला आणि उरलेल्या अर्ध्याची, मधल्याच्याच आग्रहाने, आणखी नाणी घेऊन तीही तारणात टाकली. भाव चढला की नफा दुप्पट, ही झाली चांगली बाजू. भाव उतरला की तोटाही दुप्पट वेगाने, ही दुसरी. भाच्याने ती सांगितली होती, पण मोठ्याने सांगितली नव्हती, असं भाचा जामिनावर सुटल्यावर माझ्यापाशी कबूल करून गेला. तेवढा त्याचा दोष होता.

आणि मग गणपती आले. सामाईक घरातला एकच गणपती, आता तीन भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसवायचा कुठे? थोरला म्हणाला, माझ्याकडे. धाकटा म्हणाला, चंदनसारला म्हाताऱ्या चुलत्या येणार कशा, माझ्याकडे. शेवटी दोन घरांत दोन गणपती बसले आणि थोरल्या-धाकट्याचं बोलणं बंद झालं. त्यानंतर महिन्याभरात नाण्याचा भाव कोसळायला लागला.

भाचा रोज तो आकडा पाहत होता. त्याने तिघांना सांगितलं की एकदा बसा, तासाभराचं काम आहे, थोडी नाणी विकू आणि कर्ज उतरवू. मधला लगेच तयार झाला. धाकटा म्हणाला, थोरला गणपतीवरून बोलला ते आधी मागे घे म्हणावं. थोरला काय म्हणाला, ते मधल्याला नक्की माहीत नव्हतं. फिर्यादीत तर थोरल्याने लिहून दिलं होतं की पैसे जाईपर्यंत आपल्याला कोणी काहीच कळवलं नाही.

मी चंदनसारला थोरल्याच्या इमारतीत गेलो आणि वॉचमनकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर मागून घेतलं. पंचांसमोर पानं ताब्यात घेतली. भाच्याची नोंद तीन दिवसांत तीन वेळा होती. भेटीचं कारण या रकान्यात तिन्ही वेळा ‘घरचे काम’. आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वेळ लिहिलेली होती. पहिल्या दिवशी तो वीस मिनिटं वर होता, दुसऱ्या दिवशी आठ, तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी दुपारी, माणसं जेवायला बसतात त्या वेळेला, त्या प्रोग्रॅमांनी चाळीस मिनिटांत चार घासांत तारण खाल्लं. कोण होते ते शोधायला गेलो असतो तर सापडले नसते, आणि सापडले असते तरी त्यांनी गुन्हा केलेला नव्हता. करारात लिहिलं होतं तेच त्यांनी केलं.

थोरल्याला बोलावून घेतलं. पाकीट घेऊन यायला सांगितलं होतं. त्याने ते टेबलावर ठेवलं, चिकटवलेल्या तोंडावर हळदीकुंकू होतं. रजिस्टरचं पान मी त्याच्यापुढे सरकवलं. त्याने चष्मा पुसला, पान वाचलं. मग म्हणाला, “पोरगा आला व्हता. माज्या पायाजवल बसला. मी बोललो, धाकट्याला सांग, माज्या दारात येऊन बोलव मना. तो येल, तवाच मी चिठ्ठी काढेन.”

“आणि तो आला नाही.”

“नाय आला. मना वाटलं, दोन दिस थांबलं तं काय व्हतंय. पैसा काय पलून जातो काय.”

मी त्याला विचारलं, हे माहीत असताना भाच्याचं नाव का घेतलंत? तो आधी म्हणाला की पैसे आपोआप जातात हे पटलंच नव्हतं, कोणीतरी नेल्याशिवाय पैसा जात नाही. ते काही अंशी खरं असावं. पण खरं कारण त्यानंतर बाहेर आलं. तो म्हणाला, “सायेब, चोर सापडला नाय असं लिवा. चोरानं नेलं तं आमचं घर फुटत नाय. आमी तिघं एका बाजूला ऱ्हातो. हे कललं तं भाऊ भावाचं तोंड बगनार नाय.”

भाचा त्या तिघांत नव्हता. तो बहिणीचा मुलगा, हक्कसोड केलेल्या बहिणीचा.

वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. तपास संपून आरोपपत्र टाकण्यासारखं काही नसेल तर आम्ही न्यायालयाकडे समरी अहवाल पाठवतो. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळून आला नाही. ‘ब’ म्हणजे तक्रारच खोटी, जाणूनबुजून केलेली, आणि मग फिर्यादीवर कारवाई होऊ शकते. ‘क’ म्हणजे गुन्हा गैरसमजुतीने दाखल झाला, ना धड खरा ना खोटा. थोरला माझ्याकडे ‘अ’ मागत होता. ती दिली असती तर भाच्याच्या नावाभोवतीचा संशय कधीच सुटला नसता. मी ती दिली नाही. पण ‘ब’ लिहिताना माझा हात अडला. समोर म्हातारा बसला होता, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात, घर अर्धवट, आणि ‘ब’ म्हणजे त्याच्यावर खटला. शिवाय, खरं सांगतो, ‘ब’ लिहिलं की मी सोळा दिवस निरपराध माणसाला आत ठेवलं हेही ठळक झालं असतं. मी ‘क’ पाठवली. वरिष्ठांनी मान्य केली, पुढे न्यायालयानेही. सगळ्यांची सोय झाली.

खात्यात म्हण आहेच, चोर सोडून संन्याशाला सुळी. इथं तर चोरही नव्हता. निवृत्तीनंतर मी व्याख्यानं देतो, तिथं या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात, तेव्हा मी सांगतो की पैशाच्या गुन्ह्यात दोन खात्यांचा संबंध सापडला म्हणून नाचू नये, पैसा कुठून कुठे गेला ते आधी पाहावं. आणि हेही सांगतो की यंत्र रुसत नाही, वाट पाहत नाही, थोरल्या-धाकट्याचा मान ठेवत नाही. आपल्या माणसांना मुदतीची सवय आहे. सावकार थांबतो, बँक थांबते, कोर्ट तर वर्षानुवर्षं थांबतं. जिथं कोणीच थांबत नाही तिथं तीन कुलपं लावून भांडत बसलं तर काय होतं, ते मी पाहिलं. व्याख्यानात एवढं सांगून मी खाली बसतो. पुढचं सांगत नाही, ते इथं सांगतो.

अहवाल मंजूर झाल्यावर मी त्याची प्रत घेऊन विरारला भाच्याच्या घरी गेलो. जावं असं बंधन नव्हतं. जुनी चाळवजा इमारत, लांब व्हरांडा, सगळी दारं उघडी. दार त्याच्या आईने उघडलं. भाचा आत होता, त्याने मला पाहिलं आणि उठून मागच्या खोलीत गेला. मी कागद पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. म्हणाल्या, “वाचा सायेब. जरा मोठ्यानं वाचा. तुमी त्याला नेलं तवा सगल्यांनी बगितलं, आता ऐकू पन दे सगल्यांना.”

मी वाचायला लागलो. ‘नमूद गुन्ह्याच्या तपासात उपलब्ध पुराव्यावरून सदर गुन्हा हा वस्तुस्थितीच्या गैरसमजुतीने दाखल झाल्याचे निष्पन्न होत असून...’ व्हरांड्यात चार-पाच माणसं थांबली. एक म्हातारी भाजी निवडता निवडता बघत राहिली. शेवटपर्यंत वाचलं. कोणाच्याही चेहऱ्यावर काही कळल्याची खूण नव्हती.

बाईंनी शांतपणे विचारलं, “याच्यात माज्या पोरानं चोरी केली नाय, असं कुटं लिवलंय?”

मी कागद पुन्हा पाहिला. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. ‘ब’ पाठवली असती तर तक्रार खोटी होती, एवढं तरी लिहावं लागलं असतं. म्हाताऱ्यावर आणि स्वतःवर दया करताना मी नेमकं तेच वाक्य वगळलं होतं. मी म्हणालो, “ताई, त्याने चोरी केलेली नाही. उलट त्याने स्वतःचे पैसे घातले. चूक माझी झाली.” हे मी बोललो खरं, पण त्यांच्यापुरतं बोललो, हळू आवाजात. तेहतीस वर्षं आळीआळीतून ओरडत फिरलेल्या माणसाला त्या दारात मोठ्याने बोलता आलं नाही.

व्हरांड्यातल्या माणसांना काही ऐकू गेलं नाही. ती आपापल्या घरात गेली. बाई मला म्हणाल्या, “बरं, या तुमी,” आणि दार लावून घेतलं.